मांड, खोगीर आणि वडनेरचा रस्ता

आमच्या क्षेत्रात एक जुना मराठी शब्द अजून जोरात चालतो. खोगीरभरती! क्लायंटला वीस डोक्यांचं बिल लावायचं असतं, काम असतं बारा जणांचं, मग वरचे आठ जण कोण? खोगीरभरती. संमेलनाच्या मंचावर मागच्या रांगेत बसलेले मान्यवर, टीममध्ये चौथा खेळाडू मिळत नाही म्हणून धरून आणलेला शेजारचा बंड्या, सगळ्यांना आपण हा शब्द चिकटवतो. पण खोगीर म्हणजे नक्की काय आणि त्यात भरती कसली करतात, हे विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतील. (दहावा गूगल करेल.)

तर खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर टाकायची जाड गादी. जाड कापडाचे नाहीतर नमद्याचे थर, आत चिंध्या, लोकर, जे हाताशी असेल ते कोंबलेलं. ही कोंबाकोंबी म्हणजे खोगीरभरती. आत काय गेलंय याला काही किंमत नाही, पोकळी भरली म्हणजे झालं. शब्द मुळात फारसी. त्याचा अर्थ घाम टिपणारं. घाम अर्थात घोड्याचा, स्वाराचा नव्हे.

या वीकांताचा विषय मात्र खोगीर नसलेल्या घोड्याचा आहे. अधूनमधून एक फॉरवर्ड फिरत असतो की आपले मराठे स्वार बोडक्या पाठीच्या घोड्यावर बसून लढायचे, खोगीर नाही, रिकीब नाही, काही नाही, नुसता घोडा आणि भाला. वाचायला छान वाटतं. मी नागपूर-हैदराबाद रस्त्याने बऱ्याचदा जातो. हिंगणघाट सोडलं की वडनेर लागतं. आता तो रस्ता एनएच ४४ आहे, पूर्वी एनएच ७ होता. वडनेरचा इतिहास पाहायला गेलं की घोडेस्वारांची गाठ पडतेच, आणि त्यातून हा प्रश्न डोक्यात बसला: खरंच असं होतं का? आणि खोगिराशिवाय घोड्यावर बसायला माणूस शिकतो तरी कसा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर देता येतं. नाही, असं नव्हतं.

महाराष्ट्रात जीनगर नावाचा आख्खा समाज आहे. जीन म्हणजे खोगिराचाच भाऊबंद, आणि ते बनवणारे जीनगर. पुढे घोडे कमी झाले तसे हे लोक धातुकामात आणि इतर कारागिरीत गेले, पण नाव तेच राहिलं. खोगिराशिवाय लढणाऱ्या लोकांना खोगीर बनवणाऱ्यांची वेगळी जात कशाला लागेल? सभासदाच्या बखरीत (ती १६९७ च्या सुमाराची) शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा. ज्या लष्करात पंचवीस घोड्यांच्या खुरांची आणि पाण्याची सोय अशी नेमून दिलेली असते, तिथे घोड्याची पाठ वाऱ्यावर सोडलेली असेल हे पटत नाही.

आणि ती सोडून चालणारही नव्हतं. आपल्याला वाटतं की खोगीर काढलं म्हणजे घोड्याला बरं वाटत असेल, बिचाऱ्याच्या पाठीवरचं ओझं कमी. प्रत्यक्षात उलट आहे. आपण बसतो तेव्हा आपलं सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर असतं. मध्ये काही नसेल तर ती दोन हाडं घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसात रुततात. अलीकडे प्रेशर सेन्सर असलेल्या चादरी घोड्याच्या पाठीवर टाकून हे मोजलंही गेलं आहे. खोगीर ते वजन मोठ्या जागेवर पसरवतं. तासाभराच्या फेरीला फरक पडत नाही, पण आठवडाभर रोज साठ-सत्तर किलोमीटर जायचं असेल तर बोडक्या पाठीला फोड येणार, फोडाच्या जखमा होणार, आणि जखमी पाठीचा घोडा म्हणजे पायी चालणारा स्वार. शिवाय चंदी, कांबळं, भाकरीचं गाठोडं टांगायचं कशाला?

म्हणजे फॉरवर्ड खोटा. इथे लेख संपवता आला असता. पण त्या फॉरवर्डमागे एक खरी गोष्ट दडली आहे, आणि ती मला सापडली शब्दकोशात.

घोड्याशी संबंधित मराठी शब्द एका ओळीत मांडून बघा. खोगीर फारसी. जीन फारसी. लगाम फारसी. रिकीब अरबीतून फारसीमार्गे. तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा) फारसी. चाबूक, तोबरा फारसी. नाल अरबी. स्वार फारसी. बारगीर, शिलेदार दोन्ही फारसी. घोड्याच्या मानेवरचे केस ज्याला आपण आयाळ म्हणतो, तो सुद्धा बाहेरचाच. ही सगळी सामग्री, सगळं हार्डवेअर म्हणा ना, बाहेरून नावासकट आलेलं आहे. पण घोड्यावर बसायची जी कला, तिला आपला शब्द आहे: मांड. मांडीवरून मांड. मांड ठोकणे, पक्की मांड, मांड ढिली पडणे. इंग्रजीत याला सीट म्हणतात, म्हणजे बैठक. मराठीने बैठकीचा विचारच केला नाही, तिने मांडी बघितली. घोडा धरून ठेवला जातो तो मांड्यांनी, हे त्या शब्दातच आहे.

(आता हाच शब्द वर्तमानपत्रवाल्यांनी सत्तेला आणि खुर्चीला लावून टाकलाय. अमुक तमुक खुर्चीवर मांड ठोकून बसले. गंमत अशी की ग्रीक लेखक झेनोफोन याने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात तो बजावून सांगतो की घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखं बसू नका, पाय फाकवून उभं राहिल्यासारखं बसा. म्हणजे मांड आणि खुर्ची हे दोन एकमेकांच्या विरुद्ध प्रकार आहेत, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच ठरलं होतं :-) )

झेनोफोनच्या काळात ग्रीसमध्ये रिकीब नव्हती, आणि खोगीर म्हणजे फार तर एक कापड. तो दोन्ही धरून चालतो: कापडावर बसा नाहीतर बोडक्या पाठीवर, बसायची पद्धत एकच. उत्तर आफ्रिकेतले नुमिडियन स्वार तर लगामही वापरत नसत. घोड्याच्या गळ्यात एक दोरी, हातात काठी आणि हलके भाले. इसवी सनापूर्वी २०२ मध्ये झामाच्या लढाईत हॅनिबॉल हरला त्यात या स्वारांचा मोठा वाटा होता. म्हणजे बोडक्या पाठीवरून लढणारे लोक जगात होते, नाही असं नाही.

रिकिबीचं म्हणाल तर तिची एक सुरुवात आपल्या घराजवळ आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी लोणावळ्याला मका खाऊन परत येण्याऐवजी भाज्याच्या लेण्यांत जावं. तिथल्या एका विहाराच्या ओसरीत सूर्याच्या रथाचं शिल्प आहे, आणि रथाबरोबरच्या स्वारांत पाय पट्ट्यात अडकवलेला दिसतो. भाजे, सांची, मथुरा इथल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत असे पट्टे आणि अंगठ्यापुरती कडी दिसतात. अनवाणी देशातली रिकीब अंगठ्याचीच असणार! संपूर्ण पाऊल टेकायची जोडी चीनकडची, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातली. मग लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९६२ मध्ये असा सिद्धांत मांडला की युरोपातली आख्खी सरंजामशाही या रिकिबीमुळे जन्माला आली. पाय टेकायला मिळाले, म्हणून स्वार भाला बगलेत दाबून घोड्याच्या वजनासकट धडक मारू लागला, म्हणून चिलखत आलं, म्हणून खर्च आला, म्हणून जहागिऱ्या आल्या. वाचताना एखाद्या भारी डिझाइन डॉक्युमेंटसारखं वाटतं, सगळे बाण एकाच बॉक्समधून निघतात. पुढच्याच वर्षी दोन इतिहासकारांनी त्याची पिसं काढली. असो.

आता मूळ प्रश्न. खोगिराशिवाय बसायला शिकतात कसं?

पहिली अडचण चढण्याची. रिकीब नाही म्हणजे पायरी नाही. डाव्या हातात आयाळीची मूठ धरायची (आयाळ ओढली तर घोड्याला फारसं दुखत नाही, लगाम ओढला तर दुखतं), उडी मारून पोट घोड्याच्या पाठीवर आडवं टाकायचं आणि मग उजवा पाय पलीकडे फिरवायचा. ज्यांना जमत नाही ते घोडा दगडाशेजारी नाहीतर ओट्याशेजारी नेतात. त्यात लाज काही नाही, झेनोफोनसुद्धा म्हाताऱ्या स्वारांसाठी वेगळी सोय सांगतो.

बसायचं कुठे? मान संपून पाठ सुरू होते तिथे एक उंचवटा असतो, त्याच्या लगेच मागच्या खळग्यात. अजून मागे सरकलं की घोड्याच्या कमरेवर भार येतो आणि तो लाथ झाडतो.

मग घोडा चालायला लागतो आणि प्रत्येक नवशिका एकच गोष्ट करतो: गुडघे आवळतो. भीती वाटली की माणूस आवळतोच. पण घोड्याचं पोट गोल आहे. गोल वस्तू चिमट्यात जोरात दाबली तर चिमटा वर सरकतो, ओल्या साबणाची वडी हातातून सुटते तसा. आवळणारा माणूस वर उचलला जातो आणि एका बाजूला घसरतो. घसरू लागला की लगामाला लोंबकळतो, घोड्याचं तोंड दुखावतं, घोडा बिथरतो, आणि पुढचं सांगायला नको. शिवाय मांड्या-टाचांनी आवळणं म्हणजे घोड्याच्या भाषेत 'पळ'. म्हणजे तुम्ही घाबरून जो ब्रेक दाबताय तो प्रत्यक्षात ॲक्सिलरेटर आहे. याहून वाईट युजर इंटरफेस मी पाहिलेला नाही.

बरोबर मांड याच्या उलट असते. पाय सैल लोंबते, टाच खाली, मांडीची आतली बाजू घोड्याला लागलेली पण आवळलेली नाही, कंबर मोकळी, नजर घोड्याच्या दोन कानांमधून समोर. चालीत हे जमतं. खरी परीक्षा दुडकीला. दुडकीत घोडा तिरपे दोन पाय एकदम टाकतो, पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग उलट. प्रत्येक टप्प्याला पाठ वर येते आणि खाली जाते. रिकीब असेल तर तुम्ही पायांवर उठून तो धक्का चुकवू शकता. बोडक्या पाठीवर चुकवायला जागाच नाही. कंबरेने तो गिळावा लागतो. नाही गिळला तर पाठीच्या मणक्यांचा खडखडाट होतो आणि चौथ्या-पाचव्या धक्क्याला तुम्ही खाली. भरधाव पळताना उलट सोपं जातं, ती लाट असते.

इंजिनिअरिंगला तिसऱ्या वर्षाला कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. खोगीर आणि रिकीब हे मधले बफर आहेत. आराम देतात, पण सिग्नल उशिरा पोचवतात. बोडक्या पाठीवर घोड्याचा स्नायू ताणला गेला की तो मांडीला लगेच कळतो, तो वळायच्या आधी, उडायच्या आधी. आणि तुमची कंबर जराशी झुकली की ती त्याला कळते. फीडबॅक लूप जेवढा छोटा तेवढं शिकणं लवकर. म्हणून गंभीरपणे घोडेस्वारी शिकवणाऱ्या जवळजवळ सगळ्या परंपरा नवशिक्याकडून आधी काहीतरी काढून घेतात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या मुलांना आधी घोडा लांब दोरीवर गोल फिरवत असतानाच बसवतात. खोगीर असतं, पण रिकीबही नाही आणि लगामही नाही. विन्स्टन चर्चिलने 'माय अर्ली लाइफ'मध्ये आपलं रिसालदारीतलं शिक्षण वर्णिलं आहे: चालत्या-पळत्या बोडक्या घोड्यावर चढणं-उतरणं, रिकिबीशिवाय, कधी खोगिराशिवाय, कधी हात पाठीमागे बांधल्यासारखे धरून अडथळ्यावरून उड्या. (एवढं सगळं शिकून हा बाबा १८९६ मध्ये मुंबईला ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना हिसका बसून खांदा निखळवून बसला आणि जन्मभर तो खांदा सांभाळत राहिला.)

मग मराठी पोरगं कुठे शिकायचं? आपल्याकडे त्याचं पुस्तक नाही. घोड्यांवर लिहिलं गेलं ते शालिहोत्राच्या परंपरेतलं, म्हणजे रोग, औषधं, आणि भोवरे: कुठला भोवरा शुभ, कुठला मालकाला खाणारा. बसायचं कसं हे लिहायची गरज पडली नसावी, कारण ते घरीच व्हायचं. माझा तर्क साधा आहे. घोडा संध्याकाळी पाण्यावर न्यावा लागतो. दिवसभराचं खोगीर तेव्हा उतरवलेलं असतं, पाठ वाळू द्यायची असते. ते काम घरातल्या पोराचं. ओढ्यापर्यंत चालत कोण जातो? माथेरानला आजही संध्याकाळी घोडेवाल्यांची पोरं बघा, दिवसभर पर्यटकांना खोगिरावर फिरवतात आणि घरी जाताना स्वतः बोडक्या पाठीवर, एका हाताने दोरी धरून, दुसऱ्या हाताने वडापाव खात. कोणी त्यांना शिकवत नाही आणि कोणी त्यांचं कौतुकही करत नाही.

या शिक्षणाला मराठी मुलखात एक जोडही होती. मल्लखांब. उभ्या लाकडी खांबाला मांड्यांच्या आणि पायाच्या पकडीने धरून हात मोकळे सोडायचे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांनी हा व्यायाम पुन्हा उभा केला असं मानतात. बाजीराव पुढे बिठूरला गेला आणि मोरोपंत तांब्यांची मनू, पुढची झाशीची राणी, त्याच बिठूरच्या वाड्यात घोड्यावर बसायला शिकली. विदर्भात मल्लखांबाची धुरा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने सांभाळली. १९१४ साली सुरू झालेल्या या संस्थेने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला भारतीय खेळ दाखवायला चमू नेला होता. त्यात मांडीची पकड पाहून तिथल्या घोडेस्वारांना काय वाटलं असेल, देव जाणे.

मांड पक्की असली म्हणजे काय होतं याचं सगळ्यात सुंदर वर्णन मला ग्रँट डफच्या इतिहासात (१८२६) सापडलं. निजामाने म्हणे आपला चित्रकार पाठवला आणि सांगितलं, थोरल्या बाजीरावाला जसा दिसेल तसा काढून आण. चित्रकाराने काढलं ते असं: बाजीराव घोड्यावर आहे, भाला खांद्याला टेकवलेला, घोड्याला बांधायच्या दोऱ्या तोबऱ्यात कोंबलेल्या, आणि तो दोन्ही हातांनी ज्वारीचं कणीस चोळून दाणे खात चालला आहे. गोष्ट खरी की रचलेली हा मुद्दा बाजूला ठेवू. चित्रात दोन्ही हात कणसाला गुंतलेले आहेत. लगाम कोणाच्या हातात आहे? कोणाच्याच नाही. घोडा मांडीवर चाललाय. खाली खोगीर असेल, रिकीबही असेल. पण ज्याला ते दोन्ही काढून घेतलं तरी चालेल अशाच माणसाला असं कणीस खाता येतं. मराठी स्वार खोगिराशिवाय लढत नव्हता. पण त्याचं खोगीर लाकडी सांगाडा घातलेलं जड आसन नव्हतं, मऊ गादी होती. पाठीमागून टेका नाही, पुढून आधार नाही. ते असून नसल्यासारखं होतं आणि मांड नसल्यासारखी चालत नव्हती.

आता इथून वडनेरला येऊ, कारण आतापर्यंतचं सगळं घोड्यावरच्या माणसाच्या बाजूने झालं.

वडनेर हिंगणघाट तालुक्यात, वर्धा जिल्ह्यात. रस्त्याने आणखी दक्षिणेला गेलं की वर्धा नदी लागते, पलीकडे यवतमाळ जिल्हा. ही नदी आज आपल्याला पुलावर अर्ध्या मिनिटात ओलांडायची गोष्ट वाटते, पण १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने ती सरहद्द झाली. नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला आणि तो निजामाकडे गेला. वडनेर एकदम राज्याच्या कडेला आलं. त्याआधी साठ वर्षं हाच मुलूख स्वार पुरवणाऱ्यांचा होता. पहिल्या रघूजी भोसल्यांचे स्वार भास्करराम कोल्हटकरांबरोबर १७४२ मध्ये बंगालात उतरले आणि पुढची नऊ वर्षं जात राहिले, ते १७५१ मध्ये ओरिसा आणि बारा लाखांची चौथाई मिळेपर्यंत. सरकारी घोड्यावरचा स्वार तो बारगीर. बंगाल्यांनी त्याचं 'बर्गी' केलं. आजही बंगाली आया पोरांना झोपवताना ज्या अंगाईत बर्गी आल्याची भीती घालतात, ते बर्गी आपल्याकडचे. गंगाराम नावाच्या कवीने त्याच सुमारास 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. नाव वाचून छाती फुगवू नका. आत जाळलेली गावं, कापलेले हात आणि पळणारे लोक आहेत.

साठ वर्षांनी ती वेळ खुद्द नागपूरच्या मुलखावर आली. पेंढारी. नर्मदेकाठी नेमावर-हांडिया भागात त्यांचे तळ. माल्कमने त्यांच्याबद्दल लिहिलं आहे की तंबू नाही, सामान नाही, स्वाराजवळ थोड्या भाकरी आणि घोड्याची चंदी, आणि दिवसाला चाळीस-पन्नास मैलांची मजल. म्हणजे पासष्ट ते ऐंशी किलोमीटर. या हिशोबाने नर्मदेवरून निघालेली टोळी पाच-सहा दिवसांत वर्धेच्या खोऱ्यात. बातमी पोचेपर्यंत तेच पोचलेले. कॅप्टन सिडनहॅमने १८०९ मध्ये एका हजाराच्या टोळीचा हिशोब मांडला: चारशे बऱ्या घोड्यांवरचे, हातात मराठी पद्धतीचा बांबूचा भाला, बारा ते अठरा फुटी. बाकीचे लुटारू आणि नोकर-चाकर, मिळेल त्या तट्टावर. बारा-अठरा फुटी बांबू दुडकत्या घोड्यावर सांभाळायचा म्हणजे खाली मांड कशी असेल याचा अंदाज करा. त्या शेवटच्या सहाशेतल्या कितीजणांच्या तट्टावर खोगीर असेल याचाही करा. फॉरवर्डमधला बोडक्या पाठीचा स्वार कुठे खरा सापडायचाच असेल, तर मला वाटतं इथे, पेंढाऱ्याच्या टोळीच्या शेपटीला. पोवाड्यात त्याला जागा नाही.

१८११ च्या नोव्हेंबरात ते नागपूरपर्यंत आले आणि एक वस्ती जाळून गेले. १८१६ मध्ये गुंटूर भागात साडेअकरा दिवसांत ३३९ गावं लुटली. १८२ माणसं मेली, ५०५ जखमी, आणि तीन हजार सहाशेवर माणसांचा पैशासाठी छळ झाला. नागपूर-वर्धा भागातल्या कितीतरी गावांतल्या मातीच्या गढ्या या काळातल्या आहेत. धूळ दिसली की लोक गढीत शिरायचे, बाहेर राहिलेलं गेलं असं समजायचं आणि आतून जीव वाचवायचा. त्या भिंतींची माती लोकांनी नंतर घरांना नेली, पावसानेही नेली. पण आपण गढ्या पाहायला जातो तेव्हा शौर्याच्या खुणा म्हणून पाहतो. त्या चांगल्या घोडेस्वारीला दिलेल्या उत्तराच्या खुणा आहेत. गढीतल्या माणसाला बाहेरच्याची मांड पक्की आहे की ढिली याचं कौतुक नव्हतं. पक्की असेल तर तो जास्त वेळा येणार, एवढंच.

हे सगळं फार लवकर संपलं. २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीवर भोसल्यांच्या मोठ्या फौजेसमोर कॅप्टन फिट्झजेरल्डच्या बंगाल रिसाल्याच्या तीन तुकड्या उतरल्या आणि त्यांनी भोसल्यांचे स्वार मागे रेटून तोफा घेतल्या. त्या तुकड्यांतले शिपाईही हिंदुस्थानीच होते. मांडीत फरक नव्हता. फरक होता एकत्र वळण्याच्या कवायतीत आणि वेळेवर मिळणाऱ्या पगारात. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त १८१८ पर्यंत झाला. त्यांचा पुढारी चितू १८१९ मध्ये असीरगडच्या रानात वाघाने मारला. १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं आणि उरलेले स्वार बेकार झाले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, दहा-बारा वर्षांत वर्ध्याहून फाटा हिंगणघाटला गेला, आणि या भागात ज्या जनावराला किंमत आली तो बैल. कापसाची बंडी ओढायला घोडा काय कामाचा? ज्या काळ्या जमिनीतून टोळ्या दौडत गेल्या तिथे हिंगणघाटी कापूस उभा राहिला. विदर्भातले शंकरपट बघा, तिथे लोक बैलजोड्यांच्या वेगावर जीव टाकतात.

घोडा टिकला तो दुसऱ्याच लोकांकडे. भीमा-नीरेच्या काठचं भीमथडी तट्टू, ज्याच्यावर मराठी फौज उभी होती, ते लढाया संपल्यावर धनगरांच्या वाड्याबरोबर चालत राहिलं. पाठीवर संसार: भांडी, घोंगड्या, तान्ही कोकरं, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर बसवलेलं एखादं तीन-चार वर्षांचं पोर. २०२४ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. म्हणजे सरकारदरबारी त्याला नाव मिळालं, ते शिलेदारांमुळे नव्हे तर मेंढपाळांमुळे.

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने पावसाळ्याच्या आगेमागे गेलात तर हे वाडे दिसतात. गाडी जरा हळू करा. त्या वरच्या पोराकडे बघा. त्याच्या खाली ना खोगीर ना रिकीब, नुसती घोंगडीची घडी. हात कोकराच्या गळ्यात आहेत, पाय दोन बाजूंना लोंबतायत, आणि तट्टू डांबरी रस्ता सोडून खड्ड्यात उतरलं तरी ते पोर झोपेत कंबरेतून तेवढंच कलतं.